मिकेलचा मेणाचा क्रूस

लोकेव्हेनच्या वेशीची, चर्चची आणि दफनभूमीतल्या दगडी घराची किल्ली गुल्वेन तांगीच्या कमरेला असे. महायुद्ध संपून पॅरिसच्या लोकांकडे पुन्हा मोटारी आल्या, तशी त्यांना जुने दगड बघायची हौस आली. आमच्या गावात जुन्या दगडांना तोटा नाही. मग नगरपालिकेला गाव दाखवायला एक माणूस हवा झाला. ज्याला कुठलीही होडी कामावर घेत नाही असा एकच धडधाकट पुरुष गावात होता, तो गुल्वेन. त्याला काम मिळालं ते असं.

काम तो मन लावून करी. आधी इंग्रजांच्या तोफगोळ्यांनी पोचे पडलेली वेस. मग चर्चमधली तुळई, जिच्यावर कुण्या विनोदी सुताराने सनई फुंकणारं डुक्कर कोरून ठेवलंय. शेवटी दफनभूमी आणि तिथलं ते दगडी घर. घर म्हणायचं एवढंच, उंचीला माणसाच्या छातीपर्यंत, पुढे लोखंडी जाळीचं दार आणि आत मेणाचे क्रूस. प्रत्येक क्रूस बोटाएवढा, एकासारखा दुसरा, वर्षानुवर्षांचे एकमेकांवर पडलेले, पिवळे झालेले.

"समुद्रात गेले आणि ज्यांची प्रेतं सापडली नाहीत, ते हे," गुल्वेन सांगे. "प्रेताच्या जागी मेणाचा क्रूस. त्याच्याजवळच घरी रात्र जागवायची, त्याच्याजवळच रडायचं, त्यालाच पुरायचं." मग जरा थांबून, मिशीत हसून, "यातला एक माझा."

पाहुणे हसत. खास गावरान विनोद म्हणून कुणीतरी त्याच्या हातावर दोन नाणी जास्त ठेवी. पण त्या वेळी दफनभूमीत गावातली एखादी बाई फुलं ठेवायला आलेली असली, तर ती हसत नसे. छातीवर क्रूसाची खूण करून वाट बदलून निघून जाई. कारण ते खरं होतं.

गुल्वेन विशीत असताना 'सेंत आन' नावाची होडी आयर्लंडच्या बाजूला बुडाली. सगळे गेले असंच आम्ही धरलं. आमच्याकडे अशा वेळी आधी शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळवतात आणि घरच्यांना सगळ्यात शेवटी. दिवेलागणीला घरातला एखादा म्हातारा नातेवाईक येतो, खिडकीवर हळूच टकटक करतो आणि म्हणतो, "पोरी, आज तुझ्या घरी क्रूस आहे गं." एवढंच. मग घरातली बाई, आई असेल नाहीतर बायको, मेण मागते. तिने मागितल्याशिवाय क्रूस होत नाही. ना पाद्रीबाबा करू शकत, ना मेअर. गुल्वेनच्या आईने, फांशेत तांगीने, मेण मागितलं, थोरल्या लेकाचा क्रूस केला, पांढऱ्या कापडावर ठेवून त्याच्यापाशी रात्र जागवली, आणि दुसऱ्या दिवशी तो चर्चमधल्या लाकडी पेटीत गेला. बिशप गावात येईपर्यंत क्रूस त्या पेटीत राहतात, मग सगळे मिळून दगडी घरात जातात.

दीडेक वर्षाने गुल्वेन चालत गावात आला. ब्राझीलला निघालेल्या एका मालवाहू जहाजाने त्याला उचललं होतं. पाय मोडलेला, तिकडच्या इस्पितळात पडून होता. कुणाकरवी निरोप धाडला होता, तो पोचला नाही. बास, एवढीच गोष्ट. दुसऱ्या कुठल्याही गावात अशा माणसाला खांद्यावर घेऊन नाचले असते. आमच्या गावात वेशीपासून घरापर्यंत खिडक्या बंद होत गेल्या.

आता यात हसण्यासारखं काही नाही. माणूस परत आला, पण त्याचा क्रूस पेटीत होता ना. म्हणजे तो पुरलेला होता. पाद्रीबाबा भला माणूस, म्हणाला, काढून टाकू, त्यात काय! पेटी उघडली तर आत सात-आठ क्रूस, सगळे सारखे. 'सेंत आन'वरचे सगळेच त्यात. गुल्वेनचा कुठला? पाद्रीबाबाचा हात तसाच वर राहिला, आणि तेवढ्यात बायका चर्चच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. बार्बा ल गॉफ तेव्हा नुकतीच विधवा झालेली. ती म्हणाली, "बाबा, चुकून माझ्या नवऱ्याला बाहेर काढलंत, तर त्याने कुठे जायचं?" पेटी बंद झाली. पुढे बिशप आला आणि सगळे क्रूस दगडी घरात गेले, गुल्वेनचाही.

ज्या मुलीशी त्याचं ठरलं होतं ती वाईट नव्हती. पण ज्याच्यासाठी एकदा मनसोक्त रडून झालं, त्याच्याशी लग्न करायला तिचं मन धजेना. आणि होडीवर त्याला कोण घेणार? पुरलेला माणूस होडीत बसवायचा म्हणजे समुद्राला आमंत्रण. म्हणून मग त्याच्या जागी धाकटा भाऊ मिकेल जायला लागला. त्याच हिवाळ्यात मिकेल गेला. होडी परत आली, माणसं परत आली. एक लाट येऊन फक्त मिकेलला घेऊन गेली होती.

दिवेलागणीला फांशेतचा म्हातारा मामा येऊन खिडकीवर टकटक करू लागला, तर फांशेतने दारच उघडलं. "पोरी, आज तुझ्या घरी..." एवढं तो म्हणतोय तोच ती म्हणाली, "माझ्या घरचा क्रूस आधीच गेलाय मामा. दुसरा नाही व्हायचा." आणि चुलीपाशी बसलेल्या गुल्वेनकडे वळून, रोजच्या आवाजात, "मिकेल, लाकूड सार रे आत."

गुल्वेन मागे वळून बघायला लागला. त्याला वाटलं, मिकेल खरंच दारात आलाय. दारात कुणी नव्हतं. आई त्याच्याचकडे बघत होती.

त्या दिवसापासून तो मिकेल झाला. आधी घरात, मग गल्लीत, मग गावभर. धाकटी बहीण एनोरा काही दिवस रडली, चुकून 'गुल्वेन' म्हणाली की आईच्या हातची चापट खायची. नगरपालिकेच्या कागदांवर तो गुल्वेन होता, पण कागदाला हाक मारता येत नाही. लोकांनाही ते सोयीचं पडलं. मिकेलशी बोलता येत होतं. मिकेलला धिरड्यांचं ताट वाढता येत होतं. फक्त त्याला हात कुणी लावत नसे.

आणि खरा मिकेल बाहेर राहिला. तांगींचं घर उतारावरचं शेवटचं, खाली लगेच खाडी. पश्चिमेचा वारा सुटला की दिवेलागणीला खालून हाक येई. ओ... ओ... असा लांबवलेला सूर, शब्द नाही. ज्यांना क्रूस मिळत नाही ते असेच किनाऱ्याशी येऊन ओरडतात, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. समुद्राकडच्या खिडक्या आम्ही लावून घेत असू. गुल्वेन लावत नसे. तो उंबऱ्यावर बसून ऐके. मिकेलला लहानपणापासून 'ओ' म्हणताना आवाज फाटायची खोड होती. खालचा आवाजही मध्येच फाटे. असं तीसेक वर्षं चाललं.

माणसाला कशाचीही सवय होते म्हणतात. गुल्वेनला नावाची सवय झाली, आवाजाची नाही. आईला तो दरवर्षी म्हणे, मेण माग. ती ऐकू न आल्यासारखं करी. यंदा डॉक्टर म्हणाला होता, ऐंशी उलटलेली बाई, हृदय थकलंय, पाय तर वर्षापूर्वीच गेलेत, हिवाळा काही काढत नाही. आई गेली की मेण मागणारं घरात कुणी नाही. बहिणीला तो हक्क नाही, भावाला तर नाहीच. म्हणजे मिकेल कायमचा बाहेर. गुल्वेनची झोप उडाली होती ती याच्यामुळे.

सप्टेंबरच्या एका दुपारी पॅरिसहून एक पार्टी आली. त्यात एक शाळेतली बाई होती, जाड चष्मा, चौकशीखोर. वेस झाली, डुक्कर झालं, दगडी घर झालं. गुल्वेनने नेहमीचं सांगितलं. तेवढ्यात बाई म्हणाली, "पण समजा, असा एखादा परत आला तर?"

आजपर्यंत हे कुणी विचारलं नव्हतं. तो 'यातला एक माझा' म्हणणारच होता, तो शब्द तोंडातच राहिला.

"आला होता एक," तो म्हणाला.

"अय्या! मग? काय केलं त्याचं?"

जाळीपाशी म्हातारी बार्बा फुलं लावत बसली होती. तिने मानही वर केली नाही. "परत कुणी येत नसतं बाई," ती म्हणाली. "जे येतं ते येतं. कोण आलं, ते आपण विचारू नये."

पार्टी हसली. बाई मात्र हसली नाही. ती गुल्वेनच्या तोंडाकडे बघत राहिली आणि हळूच एक पाऊल मागे सरली. गावातल्या माणसांचं त्याने कधी मनावर घेतलं नव्हतं. पण ही परकी बाई, तिला त्याचं नावही माहीत नाही, आणि तीही सरली. त्याला एकदम वाटलं, बार्बा खरं बोलत असेल तर? आयर्लंडच्या त्या काळ्या पाण्यातून बाहेर आलं ते नक्की कोण? आईनेच ओळखलं नाही, आणि आईला कळत नाही असं काही असतं का?

किल्ली जाळीला तशीच लटकत ठेवून तो घरी गेला.

फांशेत खिडकीशी उशांना टेकून बसली होती. एनोरा कुट्टूच्या पिठाची धिरडी घालत होती. गुल्वेन पलंगापाशी गुडघे टेकून बसला.

"आई, मी कोण?"

"हे काय आता? चढवून आलायस का?"

"मी कोण ते सांग."

"मिकेल. आणि ताटावर बस, धिरडं गार होतंय."

"मिकेल खाली ओरडतोय आई! तीस वर्षं ओरडतोय! तू गेलीस की त्याला कोण आत घेणार? मला नको म्हणूस लेक. मी भूत असेन तर भूत म्हण. पण त्याचा क्रूस कर!"

एनोराने तवा खाली ठेवला. म्हातारीने तिला खिडकी लावायची खूण केली. भरदुपारी, वारा नसताना. एनोराने खिडकी लावली, तशी म्हातारीने त्याचं डोकं आपल्याकडे ओढलं आणि कानाशी तोंड नेलं.

"मूर्खा," ती कुजबुजली. "तू उतारावरून खाली आलास ना, तेव्हा चालण्यावरूनच ओळखलं मी तुला. चुलीपाशी उभी होते, आनंदात लाकूड सारायचंही विसरले."

गुल्वेन तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

"पण मी तुला देऊन टाकलं होतं रे त्याला, समुद्राला. माझ्या हाताने क्रूस केला, सगळ्यांदेखत. दिलेली वस्तू उठून घरी आली, तर घेणारा गप्प बसतो होय? तो तुला शोधत आला, आणि तुझ्या जागेवर मिकेल सापडला. मग मी म्हटलं, बरं आहे. त्याला वाटू दे, गुल्वेनच मिळाला. इथे मागे राहिला तो मिकेल. मिकेलचा क्रूस केला असता, तर त्याला कळलं असतं ना, चुकीचा नेला म्हणून."

"आणि मिकेल?"

"मिकेल गेलेला होता. तू गेला नव्हतास." ती एवढंच म्हणाली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "रोज ऐकते मी. तुला काय वाटतं, बहिरी आहे मी? रोज त्याला मनात म्हणते, थोडं थांब बाळा, थोडं थांब. तीस वर्षं थांबवलाय पोराला."

तीस वर्षं ज्या बाईवर गुल्वेनने आतल्या आत राग धरला होता, तिचा हात त्याने गच्च धरला. राग कुठे गेला, त्याला कळलं नाही. फार वाईट वाटलं, आणि त्या वाईट वाटण्यात लाज वाटावी इतका आनंद होता.

"मी पन्नाशी पार केली आई," तो शेवटी म्हणाला. "आता मला लपवून काय मिळणार? कळू दे त्याला. मी नाही भीत."

"मी भिते ना."

"मग तू सांग, त्याला किती थांबवायचं अजून?"

म्हातारीने डोळे मिटले. झोपली असंच दोघांना वाटलं. मग ती एनोराला म्हणाली, "मेण आण गं."

क्रूस तिने स्वतः केला. बोटं वाकडी झालेली, मेण पुन्हापुन्हा निसटे, पण कुणाला हात लावू दिला नाही. आपली लग्नातली पांढरी टोपी उलगडून टेबलावर ठेवली आणि त्यावर क्रूस. रात्र जागवायला कोण येणार, अशी गुल्वेनला धाकधूक होती. पण मामा केव्हाच वारलेला असला तरी निरोप सगळीकडे गेला. आधी बार्बा आली, मग तिच्या सुना, मग होडीवाले. खोलीत दाटीवाटी झाली. सगळ्यांनी मिकेलसाठी प्रार्थना म्हटल्या. गुल्वेनकडे बघायचं मात्र सगळे टाळत होते, कारण आता त्याला काय म्हणायचं हे कुणाला ठाऊक नव्हतं.

सकाळी निघायची वेळ झाली. ऊन स्वच्छ, ओहोटी लागलेली, समुद्र खाडीतून पार मागे हटलेला. क्रूस धर्मपित्याने, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी पोराला हातात धरणाऱ्याने, न्यायचा असतो, पण मिकेलचा धर्मपिता 'सेंत आन'बरोबरच बुडाला होता. गुल्वेनने टोपीसकट क्रूस उचलला. म्हातारी म्हणाली, मला खुर्चीत घालून दारात आणा. दोघा होडीवाल्यांनी खुर्ची उचलून उंबऱ्याशी ठेवली. "इथे नाही," ती म्हणाली. "बाहेर. समुद्राकडे तोंड करून."

मिरवणूक चढाला लागली. पाद्रीबाबा पुढे, मग गुल्वेन, मागे गाव. वळणापाशी पोचतात न पोचतात, तोच मागून म्हातारीचा आवाज आला. एवढ्याशा छातीतून एवढा आवाज निघेल असं कुणाला वाटलं नसतं.

"गुल्वेन! नीट धर रे! चढावर वारा असतो!"

अख्खी मिरवणूक जागच्या जागी थांबली. ते नाव गावात तीस वर्षं कुणी मोठ्याने उच्चारलं नव्हतं, आणि तिने ते समुद्राकडे तोंड करून उच्चारलं होतं. बायकांनी शालीआड क्रूसाच्या खुणा केल्या. एका होडीवाल्याने टोपी काढली आणि तो मान खाली घालून उभा राहिला, जणू समोरून कुणीतरी मोठं माणूस जातंय.

"हो आई!" गुल्वेन ओरडला. त्याचा आवाज फाटला.

चर्चमध्ये पाद्रीबाबाने विचारलं, "याला कोण घेऊन आलंय?"

"त्याचा भाऊ. गुल्वेन तांगी."

क्रूस पेटीत गेला. झाकण लागलं. बाहेर पडताना म्हातारी बार्बा त्याच्यापाशी आली, त्याच्या हाताची बोटं धरली, आणि ती गरम आहेत का बघितल्यासारखी थोडा वेळ धरून ठेवली. "जा, आईला सांग," ती म्हणाली.

गुल्वेन उतारावरून जवळजवळ धावतच आला. खुर्ची होती तिथेच होती. आई खुर्चीत ताठ बसलेली, हात मांडीवर, तोंड समुद्राकडे. दारात एनोरा पांढरीफटक पडून उभी होती.

"मी फक्त शाल आणायला आत गेले," ती म्हणाली. "ती म्हणाली, तू जा आत, सावकाश ये. विचारायला कुणी आलंच, तर दारात मी आहे. मला वाटलं, शेजारच्यांबद्दल बोलतेय. गुल्वेन, मी एवढीशी आत गेले रे..."

म्हातारीचे डोळे उघडे होते. प्राण नव्हता. तोंडावर भीती नव्हती. कुणाशी तरी घासाघीस करून आपलं खरं केलेल्या बाईच्या तोंडावर असतं तसलं काहीतरी होतं.

समुद्र खाली दूर, वाळूच्या पार पलीकडे. खुर्चीभोवतीचा दगड कोरडा ठणठणीत. तिचे लाकडी जोडे आत पलंगाखाली, वर्षभर न घातलेले, धूळ बसलेले. पण तिचे लोकरीचे मोजे गुडघ्यापर्यंत ओलेचिंब होते, आणि त्यांतून निथळणारं पाणी खारट होतं.

एनोरा मागे सरली. चढावरून खाली आलेली माणसंही तिथेच थबकली, जवळ कुणी येईना.

गुल्वेन गुडघ्यांवर बसला. ओले मोजे त्याने हळूच उतरवले, पिळले, बाजूला ठेवले. पायाच्या बोटांच्या बेचक्यांत बारीक वाळू होती. मग आपल्या सदऱ्याच्या टोकाने तिचे पाय पुसायला लागला, बोट बोट वेगळं करून, वाळू निघेपर्यंत.

"आई," तो म्हणाला, "मी गुल्वेन. मी आहे इथे."